दृष्टिहीन वाचकांसाठी आपल्या ग्रंथालयात काय असावे?



ग्रंथालयाच्या यंदाच्या खरेदीची यादी तयार होत असताना विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी सरळ प्रश्न विचारला, "आता मोबाइलच सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेलची जाडजूड पुस्तके घ्यायची कशाला?" प्रश्न रास्त आहे. पैसा शाळेचा आहे, कपाटे मोजकी आहेत आणि ज्यांना अशी पुस्तके लागतील अशी मुले आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. पण या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा लेख.

आधी 'दृष्टिहीन' या शब्दाविषयी. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी काठी आणि काळा चष्मा येतो. प्रत्यक्षात ज्यांना अजिबात दिसत नाही अशांपेक्षा ज्यांना कमी दिसते असे लोक पुष्कळच जास्त असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यानेही अंधत्व आणि अल्पदृष्टी असे दोन वेगळे प्रकार केले आहेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या पुढे जात नसेल तर ती अल्पदृष्टी, आणि ३/६० पेक्षाही कमी असेल तर अंधत्व. ६/१८ याचा अर्थ असा, की निरोगी डोळा जे १८ मीटरवरून वाचतो ते या मुलाला ६ मीटरवर यावे तेव्हा दिसते. नजरेचा घेर किती आकसला आहे हेही कायदा पाहतो.

कमी दिसण्याचेही प्रकार आहेत. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या विकारात कडेचे दिसणे हळूहळू जाते आणि नळीतून पाहावे तसे मधलेच दिसते. अशा मुलाला खूप मोठे अक्षर दिले तर उलट त्रासच होतो, कारण एका वेळी नजरेत एकच अक्षर मावते. ज्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग बिघडला आहे त्यांचे नेमके याच्या उलट असते. त्यांना कडेचे दिसते, पण जिथे नजर रोखावी तिथेच डाग. वर्णहीनता असलेल्या मुलाला चकचकीत कागदावरचा उजेड सहन होत नाही. तेव्हा 'दृष्टिहीनांची पुस्तके' असा एकच गठ्ठा मागवून भागत नाही. कोण वाचणार आहे ते पाहून निवड करावी लागते.

मोठ्या अक्षरांची पुस्तके

सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार हा. नेहमीची पुस्तके दहा ते बारा पॉइंटच्या अक्षरात असतात, मोठ्या टाइपाची पुस्तके साधारणपणे अठरा पॉइंट किंवा त्याहून मोठ्या अक्षरात छापतात. पण नुसते अक्षर फुगवून काम होत नाही. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो. दोन ओळींत पुरेशी जागा नसली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो आणि कमी दिसणाऱ्याला 'कुल' आणि 'कूल' यांतला फरक कळत नाही. अक्षराची जाडी सारखी हवी, कागद मंद, किंचित पिवळसर आणि न चमकणारा हवा. शोभेसाठी चित्रावरच मजकूर छापण्याची पद्धत बालसाहित्यात फार बोकाळली आहे, ती पुस्तके या कामासाठी बाद समजावीत, मग ती कितीही सुंदर असोत.

मराठीत मोठ्या टाइपात मिळतात ती बहुतेक पोथ्या आणि स्तोत्रे. प्रकाशकांनी आजी-आजोबा गृहीत धरले, मुले धरली नाहीत. पण आपल्याकडे आजी-आजोबाही आहेतच. मधुमेहाने, काचबिंदूने नजर अधू झालेले कितीतरी ज्येष्ठ आपल्या मुलांच्या घरी आहेत आणि शाळेच्या ग्रंथालयातून नातवाच्या नावावर पुस्तके नेणारेही काही आहेत. हे कपाट त्यांच्याही उपयोगी पडेल.

ब्रेल: सहा ठिपके

लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ चा. शार्ल बार्बिए यांनी बारा ठिपक्यांची एक लिपी काढली होती. पॅरिसच्या अंधशाळेत शिकणाऱ्या ब्रेल यांनी वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती सहा ठिपक्यांवर आणली. बोटाचे पेर न हलवता एका स्पर्शात कळेल एवढेच अक्षर, ही त्यातली खरी युक्ती. १८२९ मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपाने मांडली. १८५२ मध्ये ते वारले आणि त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली.

डाव्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६ असे ठिपके. त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात. आपल्या देशात पूर्वी निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत. त्यांचा मेळ घालून १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ठरले. आणि इथे आपल्या वडोदऱ्याच्या मुलांसाठी फार गमतीची गोष्ट आहे. छापील गुजराती 'ક' आणि मराठी 'क' वेगळे दिसतात. एकाला शिरोरेघ नाही, दुसऱ्याला आहे. घरी एक लिपी आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर दुसरी, हे आपण सर्वजण लहानपणापासून सांभाळतो. ब्रेलमध्ये मात्र 'क' म्हणजे १ आणि ३ हेच ठिपके, गुजरातीतही, मराठीतही, हिंदीतही, कन्नड-तेलुगूतही. 'ळ' म्हणजे ४, ५, ६, तो गुजरातीतही तोच. जिथे ध्वनी जुळतो तिथे इंग्रजी ब्रेलशीही मेळ ठेवला आहे, म्हणजे इंग्रजी के तोच आपला क, एम तोच म. तेव्हा ज्या मुलाने शाळेत गुजराती ब्रेल शिकले आहे त्याला मराठीसाठी नवी लिपी शिकावी लागत नाही, फक्त पुस्तक हातात यावे लागते. डोळस मुलांना न मिळालेली सवलत त्याला आहे!

लिहिण्याची रीत मात्र छापील मराठीपेक्षा थोडी वेगळी. काना-वेलांटीची स्वतंत्र चिन्हे नाहीत, व्यंजनानंतर सबंध स्वर लिहितात. 'मराठी' हा शब्द म, र, आ, ठ, ई असा पाच घरांत बसतो. छापील 'कि'मध्ये वेलांटी अक्षराच्या आधी येते. ब्रेलमध्ये ती जशी बोलतो तशी, क नंतर इ. जोडाक्षरात चौथा ठिपका हलन्ताचे काम करतो, पण तो अर्ध्या अक्षराच्या आधी येतो. 'पुस्तक' म्हणजे प, उ, हलन्त, स, त, क. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतःची घरे आहेत. विद्यार्थ्यांनी वहीवर सहा गोल काढून आपले नाव लिहून पाहावे, तासाभरात जमते. ब्रेल पाटीवर स्टायलसने लिहिताना मात्र ठिपके मागच्या बाजूला उठतात. म्हणून उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखे उलटे टोचायचे आणि कागद उलटून वाचायचे. ते तासाभरात जमत नाही.

ब्रेलची अडचण आकारमानाची. ठिपका उठून राहावा म्हणून कागद जाड लागतो, आणि अक्षर लहान-मोठे करता येत नाही, कारण बोटाचे टोक सर्वांचे सारखेच. खिशात मावणारी कादंबरी ब्रेलमध्ये तीन-चार खंडांची होते. शब्दकोश तर भिंत व्यापतो. कागदाच्या दोन्ही बाजूंना, एकाचे ठिपके दुसऱ्याच्या मधल्या जागेत येतील असे छापून थोडी बचत करतात, तरी खंड जाडच.

मग ऐकणे का पुरत नाही?

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येऊ. मोबाइलवरचे टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, संगणकावरचे एनव्हीडीए (हे २००६ पासून मोफत मिळते) पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतात, मराठीही वाचतात. सराव झालेले वाचक हा आवाज इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला एक शब्द कळू नये. परीक्षेची तयारी, वर्तमानपत्र, संदर्भग्रंथ यांसाठी याला तोड नाही आणि ही सोय आपण केलीच पाहिजे.

पण नुसते ऐकून शिकलेल्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कसा कळणार? कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच. शुद्धलेखन, विरामचिन्हे, परिच्छेद कुठे तुटला, कवितेची ओळ कुठे संपली, गणितातला कंस कुठे उघडला, हे सारे बोटाखाली कळते, कानाला निसटते. डोळस मुलाला आपण 'पुस्तके ऐकलीस ना, मग वाचायला शिकू नकोस' असे कधी म्हणत नाही. आणि यंत्राचेही काही अडते. 'जग' हा शब्द घ्या. दुनिया या अर्थी त्याचा ज वेगळा आणि 'तू जग' म्हणताना वेगळा, लिहिताना मात्र एकच. माणूस वाक्य पाहून उच्चार करतो, यंत्र कधी करते, कधी करत नाही.

माझे स्पष्ट मत असे, की ज्या मुलाची नजर जन्मतः नाही किंवा जाण्याच्या मार्गावर आहे त्याने ब्रेल शिकले पाहिजे, आणि शिकलेले टिकण्यासाठी त्याच्या हाताशी गोडीची ब्रेल पुस्तके हवीत. नजर थोडी शिल्लक असताना ब्रेल सुरू करण्यास पालक नाखूश असतात, ते मन समजण्यासारखे आहे. पण पाचवीतल्या बोटांना जे सहज येते ते बारावीत कठीण जाते.

ध्वनिपुस्तकांबद्दल थोडे. पूर्वी कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेली पुस्तके असत. पुढचा धडा शोधायला फीत गुंडाळत बसावे लागे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी संघाने ठरवलेल्या पद्धतीत आवाजाबरोबर प्रकरण, पान, परिच्छेद यांच्या खुणा असतात, त्यामुळे 'पान ४२ काढा' असे शिक्षकांनी म्हटले की त्या मुलालाही ते पान काढता येते. साध्या ध्वनिफितीत आणि डेझी पुस्तकात हा मोठा फरक आहे. खरेदी करताना तो विचारून घ्यावा.

कविता, नाटक आणि विनोद मात्र माणसाच्या आवाजातच ऐकावा. पु. ल. देशपांडे यांचे लेखन यंत्राकडून ऐकणे म्हणजे मीठ न घातलेली आमटी.

संगणकावरील मजकूर आणि जुन्या फॉण्टांची कटकट

एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. मराठीत छपाईसाठी वर्षानुवर्षे युनिकोड नसलेले फॉण्ट वापरले गेले. पडद्यावर आपल्याला 'शाळा' दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी असते, आणि वाचक-प्रणाली तीच खिचडी वाचून दाखवते. पानांचे नुसते फोटो काढून केलेली पीडीएफ तर तिच्या दृष्टीने कोरी. म्हणजे डोळस माणसाने 'मी त्याला पुस्तक ईमेलने पाठवले' म्हणावे आणि त्याच्या हाती काहीच पडू नये, असे होते. प्रश्नपत्रिका, सूचना आणि हे आपले वार्तापत्रही युनिकोडमध्येच टंकावे, यात खर्च शून्य आहे. चित्राखाली चित्राचे दोन ओळींचे वर्णन असावे. जुन्या छापील पुस्तकांसाठी अक्षर ओळखणारी प्रणाली आता देवनागरीही बऱ्यापैकी ओळखते. फक्त नंतर एकाने मूळ पुस्तक समोर धरून चुका काढाव्या लागतात. हे काम नववीच्या मुलांना उत्तम जमेल, आणि त्यांचे शुद्धलेखनही सुधारेल.

कोणती पुस्तके?

आता निवडीचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देणगीतून आलेली ब्रेल पुस्तके पाहिली तर तीन प्रकार हमखास दिसतात: पाठ्यपुस्तके, धार्मिक पुस्तके आणि 'संकटावर मात' छापाची चरित्रे. हेलन केलर यांचे चरित्र जरूर असावे. पण बारा वर्षांच्या मुलाने प्रत्येक वेळी स्फूर्तीच घ्यावी असे थोडेच आहे? त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हवा असतो, भुताच्या गोष्टी हव्या असतात, क्रिकेटवरचे पुस्तक हवे असते. नारळीकरांच्या विज्ञानकथा, माडगूळकरांची 'बनगरवाडी', पाककृतींचे पुस्तक, कोडी, विनोदी चुटके, स्पर्धापरीक्षांचे मार्गदर्शक, सुईधागा आणि बागकाम यांवरची पुस्तके, असा सगळा बाजार या कपाटातही असावा. जे पुस्तक वर्गमित्र वाचत आहेत तेच त्याला त्याच महिन्यात मिळावे. मधल्या सुट्टीत त्यावर बोलता आले तर वाचनाचा अर्थ.

लहान मुलांसाठी स्पर्शचित्रांची पुस्तके असतात: कापूस, वाळू, बटण, काथ्या, लोकर चिकटवून केलेली. ही विकतच घ्यावी असे नाही, कार्यानुभवाच्या तासाला करता येतात. एक पथ्य पाळावे. डोळ्यांना दिसते तसे चित्र बोटांना कळत नाही. हत्तीची बाह्यरेषा चिकटवली तर बोटांना ती नुसती वाकडी दोरी, म्हणून सोंड आणि कान वेगळ्या पोताचे करावे आणि चित्रात एका वेळी एकच वस्तू ठेवावी. छापील मजकुरावर पारदर्शक ब्रेल पट्टी लावलेली जोडपुस्तकेही करतात, ती डोळस आई आणि न दिसणारे मूल, किंवा उलट, एकत्र वाचू शकतात. भूगोलासाठी कोलकात्याच्या राष्ट्रीय मानचित्र संस्थेने २०१७ मध्ये ब्रेल नकाशासंग्रह प्रसिद्ध केला आहे, तो इंग्रजीत आहे, पण नकाशाला भाषा कमीच लागते.

कायदा काय म्हणतो?

विश्वस्तांना हे विशेष उपयोगी. लेखकाच्या परवानगीविना पुस्तकाचे ब्रेल किंवा ध्वनिमुद्रण करता येईल का, अशी भीती बऱ्याच शाळांना वाटते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ५२(१)(झेडबी) नुसार दिव्यांग वाचकांसाठी, नफा न घेता, पुस्तकाची सुलभ प्रत करता येते. शासनमान्य शिक्षणसंस्था आणि ग्रंथालये यांचा त्यात स्पष्ट समावेश आहे. अटी दोन: किंमत घ्यायची तर उत्पादनखर्चापुरतीच, आणि ती प्रत फक्त दिव्यांग वाचकांनाच मिळेल, बाजारात जाणार नाही, याची काळजी. म्हणून अशा ध्वनिमुद्रणाची फाइल पालकांच्या मोबाइल गटावर फिरवता येणार नाही, हे लक्षात ठेवावे. पुढे २०१३ मध्ये मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत ठरला. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आहे, आणि त्यामुळे अशा प्रती देशोदेशी पाठवता येतात.

ज्या लेखकांच्या निधनाला साठ वर्षे उलटली त्यांच्या पुस्तकांना तर ही अटही नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांना मोकळी आहे. हरिभाऊ आपटे, नाथमाधव हेही मोकळे. ध्वनिमुद्रणाची सुरुवात इथून करावी. तसेच २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि साधने मोफत मिळण्याची तरतूद आहे. पालकांनी प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवावे.

मिळवायचे कोठून, ठेवायचे कसे?

२४ ऑगस्ट २०१६ रोजी 'सुगम्य पुस्तकालय' हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. डेझी फोरम ऑफ इंडिया, केंद्राचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग आणि टाटा कन्सल्टन्सी यांचा हा एकत्र उपक्रम, त्यात अनेक भारतीय भाषांची पुस्तके आहेत. छापील वाचता न येणाऱ्या व्यक्तीला प्रमाणपत्र देऊन सभासद होता येते. कागदी ब्रेलसाठी डेहराडूनची केंद्रीय संस्था, मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि आपल्या जवळचे अहमदाबादचे अंधजन मंडळ यांच्याशी पत्रव्यवहार करावा. मराठी ब्रेल पाक्षिक 'स्पर्शज्ञान' २००८ मध्ये सुरू झाले, त्याचे जुने अंक कोणाकडे असतील तर ग्रंथालयास हवे आहेत. अंधांच्या वाङ्मयाला टपालखर्चात सवलत देण्याची आपल्या टपालखात्याची जुनी पद्धत आहे. पाकीट बांधण्यापूर्वी वजनाची मर्यादा पोस्टात विचारावी.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालये उभारली आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरवली. तीच युक्ती इथे चालेल. शहरातल्या चार-पाच शाळांनी मिळून एकेक पेटी घ्यावी आणि दर तिमाहीला फिरवावी. प्रत्येकाने सगळेच विकत घेण्याची गरज नाही.

ब्रेल पुस्तके नेहमी उभी ठेवावीत. आडवी रचली तर वजनाने ठिपके दबतात आणि दोन वर्षांत पुस्तक 'पुसले' जाते. गच्च कोंबू नयेत. दमट हवेत कागद मऊ पडतो, म्हणून भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. सर्वांत खालची फळी रिकामी ठेवावी. विश्वामित्रीचे पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये कुठवर आले होते ते आपण पाहिले आहे. कपाटावर आणि प्रत्येक खंडाच्या पाठीवर छापील आणि ब्रेल अशी दोन्ही नावे लावावीत, म्हणजे मूल स्वतः पुस्तक शोधेल, ग्रंथपालांनी काढून देण्याची वाट पाहणार नाही.

ध्वनिमुद्रणासाठी आवाज देऊ इच्छिणाऱ्या पालकांनी व आजी-आजोबांनी ग्रंथालयात नाव द्यावे. अभिनयाची गरज नाही, शांत खोली आणि स्पष्ट उच्चार पुरेत. पंखा बंद करावा, पान बदलले की क्रमांक सांगावा, चित्र आले की त्याचे वर्णन करावे, तळटीप त्या वाक्यानंतर लगेच वाचावी आणि अवघड विशेषनामाची अक्षरे एकदा फोडून सांगावीत. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू नये, आवाज उतरतो. पहिल्या फेरीसाठी 'श्यामची आई'ची प्रकरणे वाटून दिली जातील.